सदर कोलू हलवू नये

अम्मणिपेट्टै, कुंभकोणम्
२१ ऑक्टोबर २०२४

चि. शरण्या हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू मदुरैला हायकोर्टात वकिली करतेस, मी इथे नगरपंचायतीत वॉर्ड सहाची कौन्सिलर आहे, आणि आपण दोघी फोनवर बोलतो कशाबद्दल, तर आवळ्याच्या लोणच्याबद्दल. आज बरीक कामाचे लिहिते आहे. फोनच केला असता, पण तुझे आतोबा शेजारी बसून माझ्या प्रत्येक वाक्याला दुरुस्ती सुचवतात आणि मूळ विषय राहतो बाजूला.

माझ्यावर गैरवर्तनाचा ठपका यायच्या बेतात आहे. सहकारी बँकेत हेडक्लार्क म्हणून जन्म गेला, कधी कुणी साधा मेमो दिला नाही. निवृत्त झाल्यावर चार बायकांनी गळ घातली म्हणून अपक्ष उभी राहिले, निवडून आले, आणि आता चौसष्टाव्या वर्षी हे लोक मला वर्तन शिकवणार.

कारण आपला बाहुल्यांचा कोलू. वकील झाल्यापासून तू नवरात्रात घरी फिरकलेली नाहीस, म्हणून सविस्तर सांगते. पायऱ्यांवर नेहमीच्याच बाहुल्या बसवल्या. वर देवदेवता, मधे लग्नाचे वऱ्हाड, खाली वाण्याचे दुकान. पायऱ्यांपुढे जमिनीवर मी दर वर्षी काहीतरी देखावा करते. मागे रेल्वे स्टेशन केले होते, यंदा नगरपंचायतीची सभा केली. पुठ्ठ्याचे टेबल, भोवती लाकडी बाहुल्या, समोर वॉर्ड सहाची अर्धी खणून टाकून दिलेली गटार आणि तीत शाईचे पाणी. अध्यक्षाच्या खुर्चीवर माझ्या आजीचा तो मान हलवणारा तंजावरी म्हातारा बसवला. वर पंखा आहे. पंखा लागला की म्हातारा मान हलवतो. ह्यात माझा काय दोष?

आता आमचे चेअरमन विजयराघव. कॉन्ट्रॅक्टर मणीने काहीही सांगितले की हे मान हलवतात. गटार पूर्ण झाली म्हणाला, मान हलली. राहिलेले पावसानंतर पाहू म्हणाला, मान हलली. गावाला हे पाठ आहे. कुणा शहाणीने माझ्या देखाव्याचा फोटो वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ओळखा पाहू कोण. गावाने ओळखले.

मग पंचायतीचे दोन कागद आले. पहिला: माननीय अध्यक्षांना मान हलवणाऱ्या बाहुलीच्या रूपात दाखवून सभागृहाची अप्रतिष्ठा केली, त्याचा खुलासा करा. दुसरा: सदर कोलू हा पुरावा असल्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत जागेवरून हलवू नये. म्हणून विजयादशमी होऊन गेली तरी कोलू मांडलेलाच आहे. आणि कोलू मांडलेला आहे तोवर रोज संध्याकाळी दिवा लावायचा, नैवेद्याला हरभरे नाहीतर मूग उकडून, खोबरे घालून सुंडल करायचे, आणि दारात आलेल्या बाईला हळदीकुंकू आणि सुंडल दिल्याशिवाय पाठवायचे नाही. तुझे आतोबा म्हणतात, गुपचूप उतरवून टाक, कोण बघतो. मी म्हटले, लेखी आदेश आहे. लेखी आदेश मोडला तर ते बरीक खरे गैरवर्तन होईल.

खुलाशात काय लिहू ते कळव.

तुझी आत्या
अंबुजा


मदुरै
२५ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास सा. न.

तुझे पत्र चेंबरमध्ये वाचले आणि इतकी हसले की आमच्या सीनियर बाई काय झाले म्हणून उठून आल्या. त्यांना सांगितले तर त्याही हसत बसल्या. आता हसून झाले, ऐक.

हे हसण्यावारी नेऊ नकोस. ठपका कायम झाला तर तुझी जागा जाईल आणि पुढची निवडणूकही लढवता येणार नाही. म्हणून मी सांगते तेवढेच करायचे. तक्रारीची प्रत माग, खुलाशाला मुदत माग, दोन्ही लेखी, आणि पोच घे. तोंडाने एक अक्षर बोलायचे नाही, सभेत नाही आणि भाजीवालीकडेही नाही. व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही, तिथेच हे सगळे पेटले. मला लिहायचे ते पत्राने आणि मराठीत. पत्र पंचायतीच्या हाती लागले तरी अम्मणिपेट्टैत ते वाचता येणारी माणसे फक्त आपल्या घरात आहेत.

बचाव सोपा आहे. तो म्हातारा मला चांगला आठवतो. लहानपणी मी त्याची मान इतकी डोलवली की तू माझ्या हातावर चापट मारली होतीस. तुळतुळीत डोके, गुळगुळीत गाल, चष्मा नाही, मिशी नाही. तुमच्या चेअरमनना मी पोस्टरवर पाहिले आहे, त्यांची मिशी पोस्टरात मावत नाही. त्यांच्या जन्माआधीची बाहुली त्यांच्यासारखी दिसेल कशी, एवढेच विचारायचे. प्रकरण कोर्टापर्यंत येणारच नाही.

सुंडल रोज कर, पण आतोबांना रोज हरभरे देऊ नकोस. त्यांचे पोट तुला माहीत आहे.

शरण्या


अम्मणिपेट्टै
१२ नोव्हेंबर २०२४

चि. शरण्यास आशीर्वाद.

जागा गेली. म्हणजे पंचायतीचा ठराव झाला आहे, जिल्ह्यातून मंजुरी आली की जाईल.

तू सांगितल्याप्रमाणे प्रत मागितली आणि मुदत मागितली. प्रत दिली नाही, मुदत दिली नाही, पोच मात्र माझ्याकडे आहे. काल चौकशी समिती बसली. समितीत तिघे आणि तिचे अध्यक्ष कोण, तर विजयराघव स्वतः. तक्रार त्यांची, अपमान त्यांचा आणि निकाल देणारेही तेच. मला व्हरांड्यात बाकावर बसवले. आत कॉफी गेली, रिकामे पेले बाहेर आले, आणि पाठोपाठ शिपाई निकाल घेऊन आला, टाइप केलेला, शिक्का मारलेला. आमच्या ऑफिसातला प्रिंटर दिवाळीपासून बंद आहे. म्हणजे निकाल आधीच कुठूनतरी छापून आणला होता. मला आत कुणी बोलावलेच नाही. जे बोलायचे म्हणून तोंडपाठ करून गेले होते ते तसेच घरी घेऊन आले.

आणि ऐक पुढचे. त्याच संध्याकाळी समितीतल्या बाकी दोघांच्या बायका माझ्याकडे हळदीकुंकवाला. कोलूचा आदेश कुणी मागे घेतलेला नाही, म्हणून कोलू आहेच. कोलू असलेल्या घरचे बोलावणे कोणती बाई मोडेल? त्यांच्यामागून चेअरमनची बायको सीतालक्ष्मीही आली. देखाव्यापुढे बराच वेळ बसली, कुंकू लावून घेतले, सुंडल खाल्ले आणि गेली.

शरण्या, तुला म्हणून सांगते, त्या सगळ्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बँकेत टिपण मी लिहायची आणि सही साहेबांची. घरात माझे मत विचारले जाई ते मिठापुरते. ह्या खुर्चीवर बसल्यावर पहिल्यांदा मी काही बोलले आणि कारकुनाने ते इतिवृत्तात लिहून घेतले. मला ती जागा हवी आहे. गटारीसाठी हवी आहे हे खरेच, परवाच्या पावसात खालच्या आळीत घाण पाणी चुलीपर्यंत गेले. पण माझ्यासाठीही हवी आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

आत्या


मदुरै
१६ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास सा. न.

रडू नकोस, आणि रागाच्या भरात ते कागद फाडूही नकोस. इतकी उघडी चूक करणारा विरोधक वकिलाला नशिबानेच मिळतो. तक्रारदारच निवाडा करणारा, तुला तक्रारीची प्रत नाही, मुदत नाही, बोलू दिले नाही, आणि निकाल बैठकीच्या आधी छापलेला. मी फी न घेता ही केस लढेन, आणि सीनियर बाई म्हणाल्या की त्याही उभ्या राहतील.

आपण मदुरै खंडपीठात रिट याचिका घालतो आहोत. सोबत तुझे प्रतिज्ञापत्र पाठवते. त्यातल्या नवव्या परिच्छेदात बाहुलीचे आहे: सदर बाहुली तीन पिढ्या घरात असून तिचे कोणत्याही जिवंत व्यक्तीशी साम्य नाही व तसे दाखवण्याचा याचिकाकर्तीचा हेतूही नव्हता. नोटरीपुढे सही कर आणि स्पीड पोस्टाने धाड.

शरण्या


अम्मणिपेट्टै
२० नोव्हेंबर २०२४

चि. शरण्यास आशीर्वाद.

प्रतिज्ञापत्र परत पाठवते आहे. सही केलेली नाही, कारण नववा परिच्छेद खोटा आहे.

म्हाताऱ्याला मिशी मी काढली. ब्रश बारीक मिळेना म्हणून तुझ्या आतोबांच्या जुन्या दाढीच्या ब्रशाचे दोन केस वापरले. चष्मा तारेचा केला. खिशाला पेन लावले, कारण चेअरमनच्या खिशाला पेन असते आणि ते उघडलेले मी कधी पाहिले नाही. मणीची बाहुली त्याच्या उजव्या हाताला बसवली, सभेतही मणी तिथूनच खुणा करतो. पंखा मुद्दाम दोनवर ठेवला. तीनवर मान फार जोरात हलते, ते खरे वाटत नाही.

फोटो ग्रुपवर टाकणारी शहाणी कोण, ते तू विचारले नाहीस. मीच.

पहिल्या पत्रात हे लिहिले नाही कारण तू घाबरून केस घेतली नसतीस. आता घेतली आहेस. तेव्हा कोर्टाला सरळ लिही की ती बाहुली विजयराघवच आहेत, ते खरोखरच मान हलवतात, आणि खरे दाखवणे हे गैरवर्तन होत नाही असे कोर्टाने जाहीर करावे. कोर्ट एवढे मोठे, त्यांना हे समजायला कितीसा वेळ लागणार.

आत्या


मदुरै
४ डिसेंबर २०२४

ती. आत्यास सा. न.

तुझे पत्र मी आधी रागाने चुरगळले, मग पुन्हा उलगडून वाचले, मग सीनियर बाईंपासून लपवले. फोनवर तुझ्यावर ओरडले त्याबद्दल माफ कर. नववा परिच्छेद काढलेला कागद तू सही करून पाठवलास, हे उपकारच म्हणायचे.

तुझा मुख्य गैरसमज आता तरी दूर करते. कोर्ट ह्यात अपील ऐकत नाही. ठपका बरोबर की चूक, हे ते पाहत नाही. ठपका कसा ठेवला, एवढेच पाहते. भाजी चविष्ट झाली का, हा त्यांचा प्रश्न नाही. हात धुऊन केली का, हा आहे. आणि विजयराघवांनी हात धुतलेले नाहीत, ह्याचा पुरावा तुझ्या पोचपावत्यांत आहे. तेव्हा ती बाहुली कोण, हा विषय कृपा करून कुणापुढे काढू नकोस.

परवा आपली याचिका निघाली. पंचायतीच्या वकिलांनी म्हाताऱ्याचा फोटो हातभर मोठा करून आणला होता. न्यायमूर्ती म्हणाले, फोटो पाहायची गरज नाही. मग म्हणाले, आणलाच आहे तर द्या इकडे. पाहून त्यांनी तो उलटा ठेवला आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. तुला अंतरिम स्थगिती मिळाली आहे. अंतिम निकाल लागेपर्यंत जागा तुझी, सभेला जा, बस, बोल. फक्त बाहुलीबद्दल नको.

कोलू आता उतरवायला हरकत नाही. पंचायतीकडे तशी लेखी परवानगी माग.

शरण्या


अम्मणिपेट्टै
१० जानेवारी २०२५

चि. शरण्यास आतोबांचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आत्याला न सांगता लिहितो आहे. ती पोंगलसाठी ऊस बघायला बाजारात गेली आहे, तेवढ्या वेळात उरकायचे आहे.

कोलू अजून मांडलेला आहे. परवानगी मागितली होती. पंचायतीने लिहून दिले, प्रकरण कोर्टात असल्याने आम्हाला हात घालता येत नाही. तू म्हणतेस, कोर्टापुढे कोलूचा विषयच नाही. मग माझ्या हॉलवर अंमल कुणाचा आहे ते तरी सांग. पायऱ्या टीव्हीच्या पुढे आहेत. मी क्रिकेट ऐकतो, पाहत नाही. परवा कोण आउट झाला ते मला बाहुल्यांच्या मागून ओरडण्यावरून समजले.

आणि सुंडल. हरभरा, मूग, चवळी, वाटाणा, पुन्हा हरभरा. डॉक्टरांनी विचारले, एवढ्या कडधान्याचे कारण काय, तर मी म्हटले, न्यायप्रविष्ट आहे.

बायकांची तर रीघ लागलेली असते. पट्टीश्वरम्‌ला दर्शनाला निघालेल्यासुद्धा मधे उतरून येतात. आधी कोलू पाहायला यायच्या, आता गटार, नळ आणि रस्त्यावरचा दिवा ह्यांवर बोलत बसतात. चेअरमनची सीतालक्ष्मी दर शुक्रवारी येते. गेल्या शुक्रवारी ती म्हाताऱ्याकडे पाहत पाहत म्हणाली, मिशी बरोबर आहे, पण चष्मा जरा खाली घसरलेला हवा. आणि स्वतःच्या हाताने तिने तो खाली ओढला. मी तिथेच होतो, मी उठून पंखा बंद केला.

खरे कारण वेगळे आहे. तुझी आत्या नीट जेवत नाही. परवा मला म्हणाली, जागा गेली तर मी काय करू. मी सहज म्हणालो, घरी बस. त्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. नोव्हेंबरात ती गुडघाभर पाण्यात उभी राहून इंजिनिअरला गटार दाखवत होती, तेव्हा मी छत्री धरून मागे उभा होतो. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिला एवढी आनंदात मी पाहिली नव्हती. तेव्हा निकाल लवकर लाव, आणि तिच्या बाजूने लाव.

तुझा
मुरली आतोबा


मदुरै
२१ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या आणि आतोबांस सा. न.

आतोबा, निकाल मी लावत नाही, पण लागला आहे.

पंचायतीचा ठराव आणि समितीचा ठपका, दोन्ही कोर्टाने रद्द केले. ज्याची तक्रार त्यानेच निवाडा करायचा नसतो, आणि जिच्यावर ठपका तिला ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा करायची नसते, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिले आहे. सीनियर बाई खूश आहेत. मी तर कोर्टाच्या जिन्यात एकटीच नाचले.

आता दुसरी बाजू. आत्या, शांतपणे वाच. तू निर्दोष आहेस असे कोर्टाने म्हटलेले नाही. बाहुलीबद्दल आम्ही कोणतेही मत देत नाही, असे एक पूर्ण वाक्य आहे. चौकशी नव्याने करायची आहे, जिल्ह्यातल्या स्वतंत्र अधिकाऱ्यापुढे, दोघांना ऐकून. म्हणजे जागेचा निकाल तिथे होणार.

आणि तिथे तुला विचारणार, बाहुली कोण. तू म्हणायचे, माझ्या आजीची बाहुली आहे. हे खोटे नाही, तुझ्या तत्त्वाला धक्का लागत नाही. एवढे बोलून ओठ मिटायचे. मिशी कुणी काढली हे कुणी विचारणार नाही, आणि तू सांगायचे नाही. सगळे जिंकलेले एका वाक्याने घालवू नकोस. मी पाया पडते.

शरण्या


अम्मणिपेट्टै
२४ मार्च २०२५

चि. शरण्यास आशीर्वाद.

मासी मघाच्या दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. गावात यात्रेची गर्दी उतरली नव्हती, त्यामुळे जिल्ह्याच्या अधिकारी श्रीदेवी बाई घामाघूम होऊन आल्या आणि आल्या आल्या आधी तक्रारदाराला बोलावले. मणी साक्षीदार म्हणून विजयराघवांच्या उजव्या हाताला बसला होता. म्हाताऱ्याला मी पिशवीतून नेले होते. त्याला टेबलावर ठेवले.

बाईंनी विचारले, ही बाहुली म्हणजे तुम्ही, हे कशावरून. विजयराघव म्हणाले, मिशीवरून. बाईंनी खोलीभर नजर फिरवली. कारकून, शिपाई, मणी, सगळ्यांना मिशा. मग ते म्हणाले, चष्म्यावरून. बाईंनी स्वतःचा चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. आणखी काही, म्हणाल्या. आणखी काही म्हणजे एकच गोष्ट उरली होती, आणि खोलीतल्या सगळ्यांना ती ठाऊक होती.

"ही मान हलवते," बाई म्हणाल्या. "तुम्हीही हलवता का? तसे असेल तर मी लिहून घेते."

विजयराघवांनी मणीकडे पाहिले. मणीने घाईघाईने नाही अशी खूण केली.

"नाही," ते म्हणाले. "हा मी नव्हे."

शरण्या, तुझे वाक्य मी बसमध्ये आणि व्हरांड्यात घोकत होते. देवाशपथ घोकत होते. पण त्यांचे ते 'हा मी नव्हे' ऐकले आणि मी उभी राहिले.

"हे तेच आहेत," मी म्हटले. "मिशी मी काढली आहे."

बाई म्हणाल्या, अम्मा, तुम्हाला अजून विचारलेले नाही. पण विजयराघव आता घाबरले होते. ते म्हणाले, नव्हे, हा मी मुळीच नव्हे, ही ह्यांच्या आजीची जुनी बाहुली आहे, कुणीही सांगेल. मी म्हटले, बाहुली आजीची, पण माणूस तुम्हीच. ते म्हणाले, अम्मा, मी स्वतः सांगतो आहे ना. असे आम्ही पुष्कळ वेळ भांडलो. माझी बाजू ते मांडत होते आणि त्यांची मी. शेवटी श्रीदेवी बाईंनी हात वर केला आणि लिहायला घेतले: तक्रारदाराच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार सदर बाहुली म्हणजे ते नव्हेत. सबब अपमान झालेली व्यक्ती उपलब्ध नाही. प्रकरण बंद.

जागा राहिली. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि हे छत्री घेऊन उभे होते, ऊन होते म्हणून. मला आनंद झाला, खूप झाला, आणि रागही आला. मी खरे बोलून हरणार होते, आणि ते खोटे बोलून मला जिंकवून गेले. असल्या जिंकण्याला कोर्टात काय म्हणतात ते मला माहीत नाही. श्रीदेवी बाईंकडून कोलू उतरवण्याचे लेखी घेतले आणि दुसऱ्या दिवशी उतरवला. तुझे आतोबा टीव्हीसमोर बसले ते जेवायलाच उठले.

गेल्या आठवड्यात सभा झाली. गटारीचा विषय आला. मणी म्हणाला, राहिलेले काम पुढच्या वर्षी घेऊ. सगळी सभा चेअरमनच्या मानेकडे पाहू लागली, कारकूनसुद्धा लिहायचे थांबला. त्यांनी मान अशी ताठ धरली की मला वाटले उसण भरली. मान हलली नाही म्हणून मणीचे म्हणणे पडले, आणि काम पावसाआधी पुरे करायचा माझा ठराव मंजूर झाला. उद्यापासून खणायला सुरुवात आहे. मी रोज तिथे खुर्ची टाकून बसणार आहे.

आता तुझ्याकडे एक काम. काल संध्याकाळी कोलू नाही, सुंडल नाही, तरी बायका सवयीने आल्या आणि हॉलमध्ये बसून राहिल्या. सगळ्या गेल्यावर सीतालक्ष्मी मागे थांबली. उमेदवारी अर्ज कुठे मिळतो, सूचक कोण लागतो, अपक्षाला चिन्ह कसे देतात, सगळे विचारू लागली. मला आधी वाटले कुणा बहिणीसाठी विचारते आहे. मग म्हणाली, स्वतःसाठी. मी म्हटले, अग, घरातच चेअरमन आहे, तुला हे कशाला.

"बाहेर ते सगळ्यांना मान हलवतात, अम्मा," ती म्हणाली. "घरी माझ्या बोलण्याला अजून एकदाही हलवलेली नाही."

मी कोणत्या वॉर्डातून ते विचारले. वॉर्ड चार, म्हणाली. वॉर्ड चार विजयराघवांचा आहे. मी दार लावून घेतले, कॉफी केली आणि तिला अर्जाचे पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितले. एवढी एक शंका बरीक राहिली, ती कायदा बघून उलट टपाली कळव. बायको नवऱ्याविरुद्ध उभी राहिली आणि तिला शेजारच्या वॉर्डातल्या कौन्सिलरने मदत केली, तर ते दोघींपैकी कुणाचे गैरवर्तन होते का?

आत्या